माझा पाय बाहेर गेलाय, आबा

वच्छी गेल्याचा फोन आला तेव्हा मी बारामतीत गिरणीवर दळण घ्यायला उभी होते. पलीकडून तिचा मुलगा बोलत होता आणि गिरणीच्या घरघरीत मला काही ऐकू येईना. "अरे, जरा थांबव की रे बाबा ते!" मी गिरणीवाल्यावर खेकसले. त्यानं बंद केली आणि मग जे नको तेच स्वच्छ ऐकू आलं... सकाळी गोठ्यातनं आली, चहा घेतला आणि बसल्या जागी गेली. महिना होत आला, मला अजून तिचा राग येतो. असं न सांगता-सवरता जायची तिची रीतच नव्हती.

वच्छी म्हणजे आमच्या कोऱ्हाळ्याच्या मुलींच्या कबड्डी संघाची कॅप्टन. गोष्ट नव्वदीतली. मुलींनी कमरेला ओढणी बांधून मैदानात उतरायचं म्हणजे गावाला तमाशाच वाटायचा. "पोरींनी शड्डू ठोकायचा? उद्या नांदवायचं कुणी ह्यांना?" असं लोक आमच्या तोंडावर म्हणत. माझ्या वडिलांनी, तात्यांनी, मला खेळायला सोडलं ते एका अटीवर. एक जरी बोभाटा कानावर आला तर कबड्डी बंद. घरोघरी हीच अट होती, त्यामुळे एकीचं चुकलं की सगळ्यांचाच खेळ संपणार होता. वच्छीला हे पक्कं ठाऊक. सरावात कुणाच्या तोंडून शिवी निघाली की तिला उन्हात मैदानाला फेऱ्या मारायला लावायची, आणि स्वतःच्या तोंडून निघाली तर स्वतः पळायची. खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त फेऱ्या तिच्याच व्हायच्या! "हरलो तर लोक इसरत्याल गं," ती म्हणायची, "पर वंगाळ वागलो तर न्हाय इसरायचे. मागनं येणाऱ्या पोरींचीबी वाट बंद हुईल."

मग इंदापूरच्या स्पर्धा आल्या. समोर तगडा संघ, शेवटची चढाई, आम्ही एका गुणानं मागं. वच्छी गेली, दोघींना शिवली आणि मध्यरेषेवर अंग टाकलं. पंच होते कळंबचे आबा. त्यांनी दोन गुण दिले, आम्ही नाचायला लागलो. आणि ही बया उठून हात वर करून म्हणते, "आबा, माझा पाय बाहेर गेलाय. शिवायच्या आधीच." झालं! जिंकलेली मॅच गेली. मला असा संताप आला म्हणता... "कुणी बघितलं हुतं गं तुझा पाय?" मी विचारलं. "म्या बघितला की," ती म्हणाली आणि पाणी प्यायला चालू लागली.

मी फणफणत तिच्या मागं. टँकरपाशी गर्दी होती. तिथं एका पोरानं माझी वेणी धरून ओढली आणि घाणेरडं काहीतरी बोलला. मी नुसती थिजले. पण वच्छीनं वळून अशी एक ठेवून दिली त्याच्या कानाखाली, की टँकरवरची माणसंसुद्धा खाली बघायला लागली. तो निघाला स्पर्धा भरवणाऱ्या पुढाऱ्याचा पुतण्या. टेम्पोतनं घरी येताना वच्छी एकटीच बडबडत होती, "मॅच संपल्यावर मारलंय म्या. मॅचमदी न्हाय!" पण आमच्या आधीच बातमी गावात पोचली होती, की पोरींनी मारामारी केली.

दुसऱ्या दिवशी पुढारी पुतण्याला घेऊन देवळापुढं हजर. साक्षीला पंच म्हणून आबांनाही आणलेलं. पोरींनी माफी मागावी, एवढंच त्यांचं म्हणणं. पुतण्या म्हणाला, "म्या हातबी लावला न्हाय." मी घडलं ते सांगितलं, वच्छीनंही तेच सांगितलं, तर कुणी आमच्याकडं मान वर करून बघेना. तात्यांचा चेहरा बघूनच कळलं, आपला खेळ संपला.

तात्यांनी विचारलं, "आबा, तुमी काय बघितलं?"

"थप्पड बघितली," आबा म्हणाले. "वेणी वढलेली न्हाय बघितली." पुढारी हसला. आबांनी वच्छीकडं बोट केलं... "पर पाय बाहेर गेलेलाबी म्या बघितला न्हवता. त्यो हिनंच सांगितला. हातातली मॅच सोडून जी पोरगी खरं बोलती, ती वेणीपायी खोटं बोलंल व्हय?"

पुढारी चहालाही थांबला नाही. तात्या मला म्हणाले, "उद्या टायमावर जा मैदानावर." पुढच्या वर्षी आमच्या सरावाला इतक्या मुली आल्या की दोन संघ करावे लागले.

वच्छीला गावातच दिली होती. तिची तिरडी उचलायची वेळ आली तेव्हा आम्ही चौघी जुन्या खेळाडू पुढं झालो. आमचं काही ठरलेलं नव्हतं. भावकीतला कुणीतरी चाचरत म्हणाला, "बायामाणसांनी कसा काय..." तेवढ्यात काठी टेकत तात्या गर्दीतनं आले.

"सरका रं," ते म्हणाले. "पोरींना खांदा देऊ द्या."

पन्नाशीला टेकलेल्या आम्ही, गुडघे दुखणाऱ्या, नातवंडं झालेल्या. माणसं सरकली. आम्ही वच्छीला उचललं.