तुरीतली चार झाडं

माझ्या बायकोलाही मी हे कधी सांगितलेलं नाही. आज तुम्हाला सांगतोय — का, ते माझं मलाच नीट कळत नाही.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. मी मुरबाडच्या पोलीस ठाण्यात शिपाई होतो. डोंगराकडच्या वाड्यांवर चोरून गांजा लावतात, तो मुळासकट काढा, असे सक्त हुकूम होते. आम्ही शेतं धुंडाळायचो, झाडं उपटायचो, पंचनामा करून जाळायचो. माझं अक्षर चांगलं, म्हणून लिहायचं काम माझ्याकडे.

घरी आई होती. तिचे गुडघे असे सुजायचे की ती बसल्या जागी रडायची. गांजाचा पाला वाटून, गरम करून बांधला की तिला उतार पडे. पाला कुठून यायचा? जप्तीतला — मी चोरायचो. पण सांगायचंय ते हे नव्हे.

सिद्धगडाच्या पायथ्याशी चांगोबाबा नावाचा म्हातारा शेतकरी होता. गस्तीला गेलो की त्याच्याकडे भाकरी खायचो, आईचं दुखणं बोलायचो. एकदा पेरणीच्या दिवसांत मी जप्तीच्या झाडांचं मूठभर बी त्याच्या हातावर ठेवलं. म्हटलं, "तुरीत टाका, बाबा. तुमच्या शेतात कुणी यायचं नाही — मी आहे ना."

तो घाबरला होता. तरी म्हणाला, "आयसाठी व्हय? मंग टाकतो."

मार्गशीर्षात कुणीतरी चुगली केली. फौजदार मलाच बरोबर घेऊन गेले. तुरीत चार झाडं, माझ्या डोक्याइतकी उंच. मीच ती उपटली. मग पंचांसमोर फौजदारांनी विचारलं, "बी कुणी दिलं?"

मी कागदावर वाकलो होतो. एक शब्द बोललो असतो तर? नोकरी गेली असती, बेडी पडली असती. मान वर केलीच नाही मी.

"म्हसा गावच्या जत्रंला बैरागी आलता, सायेब," चांगोबाबा म्हणाला. "त्याच्या झोळीतलं सांडलं, ते मी टाकलं. दुसऱ्या कुनाचा हात नाय."

आणि मी ते लिहिलं. एकही खाडाखोड न करता. त्याचा अंगठा धरून उठवला तोही मीच. बोटाला राहिलेली शाई त्यानं धोतराला पुसली.

त्याला चार महिन्यांची कैद झाली. तुरुंगातून तो खोकला घेऊनच आला. मुरबाडच्या बाजारात मी तोंड चुकवून निघणार, तेवढ्यात त्यानंच हाक मारली — "आयचं गुडघं कसं हायेत, दादा?"

"बरे आहेत," मी म्हणालो. बरे नव्हते.

भादव्यात तो गेला. भात झोडून झाल्यावर मी त्याच्या घरी गेलो. सांगायचं ठरवूनच गेलो होतो — निदान स्वतःला तसं सांगितलं होतं. त्याच्या बायकोनं, गोमाबाईनं, मला घोंगडी अंथरली. म्हणाली, "तुमी व्हतात म्हनून ठाण्यात त्यांना कुनी हात नाय लावला. ते सांगायचे."

म्हणजे त्यानं तिलाही सांगितलं नव्हतं.

तिनं आईसाठी नवे तांदूळ बांधून दिले. मी ते घेतले. घरी आई त्यांची पेज प्यायली आणि तिनं त्या बाईला आशीर्वाद दिला.

पुढे शहापूरला बदली झाली, जमादार झालो. गोमाबाई जगली तोवर मला भाऊ म्हणायची. मी ओ देत राहिलो.