नदीवर धुणं धुण्यास मनाई

नोटाबंदीच्या आदल्या हिवाळ्यात आमच्या ह्यांना अचानक शोध लागला, की आपली नदी फार सुंदर आहे. तोवर हा माणूस पाण्याची मोटार बंद पडली तरच काठावर उतरायचा. पण शेजारच्या गावात एकाने चिकूच्या वाडीत पाहुण्यांसाठी खोल्या काढल्या आणि ह्यांच्या पोटात दुखायला लागलं.

आमच्याही दोन खोल्या झाल्या. मग नदीला इतिहास हवा. इथून पोर्तुगीजांची गलबतं जायची, असं हे मुंबईच्या पाहुण्यांना सांगत. होळीनंतर आमच्या नदीत गुडघाभर पाणी उरतं. गलबतं बहुधा डोक्यावरून नेत असावेत. पाहुणे माना डोलवत आणि चिकू खात.

मला ठाऊक असलेला इतिहास एवढाच, की सासूबाईंना ह्या काठाला दिलं आणि त्यांच्या धाकट्या बहिणीला समोरच्या. सुनेने उठून बहिणीकडे जायचं नाही, ही तेव्हाची रीत. धुणं घेऊन नदीवर जायला मात्र कुणी अडवत नसे. पावसाळा सोडला तर दोघी रोज एकाच दगडाशी भेटत. सासूचा जाच, बाळंतपणं, नवऱ्यांचे मृत्यू, सगळं तिथंच बोलून झालं.

ह्यांनी फर्मान काढलं: नदीवर धुणं बंद, पाहुण्यांना फेस बरा दिसत नाही. वर आईच्या गुडघ्यांची काळजी म्हणून वॉशिंग मशीन आणून त्याला हारही घातला. सासूबाईंनी मशीनला हळदकुंकू वाहिलं आणि चार दिवस नदीकडे फिरकल्या नाहीत.

पाचव्या दिवशी त्यांनी कपाटातले घडी केलेले कपडे काढून गाठोडं बांधलं.

"अगं आई, धुतलेत ते!" हे ओरडले.

"ठाव हाय मला. बहीण वाट बघते माझी," म्हणत त्या निघाल्या.

मला वाटलं, आता तरी हा माणूस ओशाळेल. पण ह्यांचे डोळे चमकले. शनिवारी सहा पाहुणे घेऊन हे नदीवर हजर! "दोन बहिणी, एक नदी," हे मोठ्याने सांगत होते. "आई, जरा दगडावर आपट ना. मावशी, इकडं बघ." मी चहाचा ट्रे घेऊन मागे उभी होते. मला ह्यांची इतकी लाज वाटली, की मी ट्रे तिथंच वाळूत ठेवला.

मावशींनी पदर तोंडावर ओढला. सासूबाईंनी एकदा लेकाकडे पाहिलं, कपडे तिथंच टाकले, बहिणीचा हात धरला आणि दोघी गुडघाभर पाण्यातून पलीकडे चालू लागल्या.

"आई, कुठं चाललीस?"

"बहिणीकडं. चाय प्यायला."

लग्नकार्य सोडून आजवर सासूबाई बहिणीच्या घरी गेल्या नव्हत्या. त्या दिवशी जेवायलाही परतल्या नाहीत.