अंगात आलेली थंडी

मला थंडी लागत नाही. माझा जन्मच चिखलदऱ्याचा!

असं मी अमरावतीत सगळ्यांना सांगत असे. तिकडे अमेरिकेत लढाई पेटली, इकडे वऱ्हाडात कापसाला सोन्याचा भाव आला, आणि दलालीच्या धांदलीत कित्येक वर्षं घरी जायला मला सवडच मिळाली नाही. शेवटी ऐन मार्गशीर्षात थोरल्या भावाचा निरोप आला : अकोल्याचे पाहुणे पोरीला बघायला येताहेत, काकाने हजर राहावं.

"घोंगडी घ्या सोबत," बायको म्हणाली. ती खाली सपाटीवरच्या भातकुलीची, तिला थंडीतलं काय कळतं! मी मलमलीचा अंगरखा चढवला.

वर पोचलो तेव्हा नाक जागेवर आहे का, हे चाचपून बघावं लागलं. (होतं.)

"दादा, रजई दे!"

"रजई कुठची? भाव चढला तसा आतला सारा कापूस इकला! खोळ देऊ काय?"

रिकामी खोळ पांघरून मी पाहुण्यांसमोर बसलो. आधी दात वाजले. मग मान हलू लागली. मग खालचा पाट! पोराचा बाप ताडकन उठला आणि त्याने हात जोडले.

"काकाच्या अंगात आलं!"

"न-न-नाही..."

"देवा, पोरगी करू काय सून?"

मान खाली-वर, खाली-वर! इतका जोरदार होकार कुठल्याच देवाने दिला नसेल. दादाने माझ्याकडे एकदा पाहिलं, पाहुण्यांकडे एकदा पाहिलं आणि तोही माझ्या पायांवर आडवा झाला. (पोरीचं जमत होतं ना!)

"देवाले काय पायजे?"

"शे-शे-शे..." मला शेगडी हवी होती.

"शेळी! शेळी आना रे!"

शेळी आली. ऊबदार होती! मी तिला घट्ट कवटाळलं. ती बोंबलत होती, बायाबापड्या गहिवरल्या होत्या. तेवढ्यात कुणाला तरी आठवलं, की देवाला आंघोळ घालायची राहिली.

विहिरीच्या पाण्याची घागर डोक्यावर पडली मात्र, शेळी सुटली, खोळ सुटली, आणि देव किंचाळत गोठ्यात पळाले ते थेट दोन म्हशींच्या मधे घुसले!

सोयरीक पक्की झाली. पुतणी अकोल्यात सुखात आहे. व्याही आजही आमच्या दारात आले की आधी हात जोडून विचारतात, "विहीणबाई, देव हायेत काय घरात?"

"हायेत ना," बायको म्हणते, "मागं भांडे घासून राह्यले."