सहाव्या तुकड्यातली भाकरी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांनाही नाही.

मुलांनो, गेल्या वर्षी तो जुना कौटुंबिक सिनेमा इंटरनेटवर कुठे बघता येईल, हे शोधायला तुम्ही दोघांनी तिकडून किती खटपट केलीत! त्यातला एक प्रसंग आपल्या आळे गावच्या घरी, चुलीपाशी, चित्रित झाला होता. तुमच्या थोरल्या आजीला — माझ्या जाऊबाईंना — तो एकदा बघायचा होता. काचबिंदूने त्यांची नजर जात चालली होती. डॉक्टर म्हणाले होते, फार तर चार-सहा महिने दिसेल. तुम्ही तीन पत्ते पाठवलेत. मी कळवलं, एकही चालत नाही.

आधी मागचं सांगते. क्रमाने सांगितलं नाही, तर मी मध्येच पळवाट काढीन.

नव्वदच्या दशकात, तुमची आई कॉलेजात असताना, शूटिंगची माणसं घरी आली. त्यांच्याशी इंग्रजीत बोलणारी मी. चहा, खुर्च्या, विजेची सोय — सगळं मी पाहिलं. त्यांना पडद्यावर भाकरी थापणारी बाई हवी होती. मी नवी इरकली साडी नेसून चुलीपुढे बसले. नेसायला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. माझ्या भाकरीला चीर गेली. दिग्दर्शक म्हणाले, "या नकोत. त्या मागच्या बाईंना बसवा." मागे जाऊबाई होत्या, हाताची राख पदराला पुसत. त्यांना एक वाक्यही मिळालं — "जेवून जावा, पावणं."

सिनेमा पुण्याला लागला तेव्हा मी मैत्रिणीबरोबर बघून आले. जाऊबाई होत्या. पडदाभर होत्या. त्यांचं वाक्य आलं आणि माझ्या शेजारची अनोळखी बाई डोळे पुसू लागली. परतीच्या एस.टी.त मी काय ठरवत होते? काहीच नाही, असं म्हणायला मला आवडलं असतं. घरी पोचले तर जाऊबाई दारातच उभ्या होत्या. मी म्हणाले, "तुमचा भाग कापला."

त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली. मग हसल्या. "कापंनात का! भाकरी तर समद्यांनी हाणल्या व्हत्या."

त्यानंतर घरातलं कुणी तो सिनेमा बघायला गेलं नाही. कशाला जातील? पण त्यांच्या मनातून तो गेला नव्हता. कापला तर कापला, म्हणायच्या, चूल तरी दिसंल.

आता गेल्या वर्षीचं. तुमचा दुसरा पत्ता चालत होता. दहा-दहा मिनिटांचे चौदा तुकडे. चित्र अडत होतं, नेट तुटत होतं, तरी मी ओळीने एकेक लावत गेले. आवाज बंद ठेवून. का? पलीकडच्या खोलीत त्या होत्या ना. सहाव्या तुकड्यात त्या आल्या आणि नेमकी तेव्हाच हाक आली —

"घावला का गं शिनेमा?"

त्यांना अजून दिसत होतं. अंधूक, पण दिसत होतं. दाखवला असता तर काय झालं असतं? माझं खोटं कळलं असतं, इतकंच. त्या बहुधा रागावल्याही नसत्या — आणि तेच मला सोसलं नसतं. समोर त्यांचे ओठ हलत होते. मी चित्र बंद केलं.

"नाही, जाऊबाई. कुठंच नाही."

"तू हुडकलंस म्हंजी नसंलच," त्या म्हणाल्या. "तुझं काम लई चोख."

संक्रांतीपर्यंत त्यांची नजर गेली.

दुसरा पत्ता, सहावा तुकडा, चौथं मिनिट. निळं लुगडं, कपाळावर पिठाचा डाग. आवाज त्यांना अजूनही ऐकवता येईल. मी तो आजपर्यंत लावलेला नाही.

हे टाइप करते आहे तेव्हा त्या शेजारच्या खाटेवर बसल्या आहेत. खटखट ऐकून आत्ताच त्यांनी विचारलं, काय लिव्हतीस एवढं? पोरांना पत्र, मी म्हणाले.

"मग माझा आशीर्वाद लिव्ह," म्हणाल्या.

तो हा लिहिला.