राजदूताचं दालन

बाबा, पुण्याहून निघताना तुम्ही टॅक्सीच्या खिडकीशी वाकून म्हणालात, "परक्या दरबारात चाललीस. जपून राहा." तुम्ही इतिहासाचे मास्तर; मी हसले. दुबईत एक खाजगी संग्रहालय उभं राहत होतं. त्यातलं एक दालन चारशे वर्षांपूर्वीच्या एका युरोपीय राजदूताच्या आयुष्यावर होतं. त्याची पत्रं वाचून फलकांचा मजकूर लिहायचा, हे माझं काम.

मला वाटलं होतं, पत्रांत मेजवान्या असतील. होती ती भीती. राजाने आज आपल्याकडे का पाहिलं नाही? आपली पत्रं वाटेत कोण फोडतं? मायदेशी परत बोलावतील ते कशासाठी?

मग मंदी आली. क्रेन थांबल्या, ऑफिसातल्या खुर्च्या रिकाम्या होऊ लागल्या. नोकरी गेली की व्हिसा खलास. तुमच्या नातीची, सईची शाळा नुकती सुरू झालेली, माझ्या नवऱ्याच्या, निखिलच्या कंपनीतही कपात. मॅनेजर 'गुड मॉर्निंग' म्हणाला नाही, की दिवसभर मी त्याच्या केबिनच्या दाराकडे बघत बसायची.

एका दुपारी त्याने केबिनमध्ये बोलावलं. "थॉमस के बिना काम पूरा होगा?"

थॉमस आमचा डिझायनर, केरळचा. दुबईतल्या इंटरनॅशनल सिटी या वस्तीत आमच्याच इमारतीत राहायचा, रोज मला गाडीतून ऑफिसला न्यायचा. त्याची बायको सात महिन्यांची गरोदर होती.

त्या राजदूतालाही एकदा सहकाऱ्याबद्दल गुप्त मत विचारलं होतं. त्याने तीन आठवडे उत्तरच लिहिलं नाही.

मी लगेच म्हणाले, "होगा, सर."

थॉमसची नोकरी गेली; तो कोचीला परतला. निरोप घेताना म्हणाला, "चेची, डरो मत. आपका जॉब तो बच गया." चेची म्हणजे ताई.

चार महिन्यांत संग्रहालयच गुंडाळलं. निखिलची नोकरी टिकली म्हणून आम्ही राहिलो; पुढे मला एका शाळेच्या लायब्ररीत काम मिळालं. गेल्या वर्षी धीर करून थॉमसला फोन केला, सगळं कबूल केलं. तो म्हणाला, "सर ने मुझसे भी पूछा था, चेची. आपके बारे में. मैं बोला, दोनों चाहिए."



दर सुट्टीत तुम्ही विचारता, कायमची कधी येतेस? मी सईच्या अभ्यासाचं कारण देते. सईला विचारलं तर ती म्हणते, "धिस इज होम, आई." माझं घर अजून पुण्यातच आहे, बाबा. पण तिथे मला सगळे चांगली समजतात, आणि त्याचीच मला भीती वाटते.