कळण्याच्या भाकरीवर आलेली कुत्री
सोमवारी कुत्री नेली, गुरुवारी परत आणायची होती, आणि जबाबदार तिघे: पकडणारा, त्याला पाठवणारे नगरपालिकेचे मुख्याधिकारी आणि मी. तव्यावरच्या कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, भाकरीचा वास आला की सहा वर्षांपूर्वीचा तो सोमवार आठवतो. ती गल्लीतली तांबडी कुत्री माणसाला भिणारी. म्हणून महिनाभर मी ओट्यावर तिच्याकडे पाठ करून बसलो, नजर न देता भाकरीचा तुकडा मागे धरत गेलो, तेव्हा कुठे तिने माझ्या तळव्याला नाक लावले. पकडणारा म्हणाला, "आबा, तुम्हीच बलावा, ती तुम्हनंच आयकस. नसबंदी करीसन आठेच सोडसूत." मी बोलावले, ती आली, जाळे पडले, तेव्हा प्रथमच आमची नजरानजर झाली. गुरुवारी ती परत आली नाही, नंतरही नाही; अर्ज लिहून आता मी थकलो आहे. तरीही, जिथून नेले तिथेच सोडण्याचा नियम असताना ती कोठे आहे, हे मुख्याधिकाऱ्यांनी पालिकेच्या भर सभेत सांगावे.