डॅनियलच्या आईला धबधब्यापर्यंत नेलं

इथल्या महाराष्ट्र मंडळात कोणी ‘आर्मीतलं काहीतरी थ्रिलिंग सांगा’ म्हटलं की माझं डोकं सटकतं. थ्रिलिंग काय डोंबल! आर्मी म्हणजे बहुतेक वेळ ओले मोजे आणि वाट बघणं. पण यंदा डॅनियलच्या आईला, सेरा काकूंना, नॉर्वेला नेऊन आणलं, ते सांगतो. एकदाच सांगतो, परत विचारू नका.

मी ब्रिटिश आर्मीत कॉर्पोरल होतो आणि डॅनियल माझ्याच सेक्शनमधला, माझ्या हाताखालचा लान्स कॉर्पोरल. लंडनमधल्या वेम्बलीचा, मराठी ज्यू. मराठी मोडकंतोडकं, ‘माझा आई’ म्हणायचा. मराठी येणारे आम्ही दोघंच, त्यामुळे साहेबाला त्याच्या तोंडावर शिव्या घालायची सोय होती.

नॉर्वेतलं विंटर ट्रेनिंग संपत आलं होतं. रस्त्यापासून चार तासांच्या चालीवर ग्लेशियरच्या पाण्याचा धबधबा होता. त्याच्या खालचा ओढा ओलांडायचा, पलीकडचा डोंगर बघायचा, परत यायचं. सकाळी पाणी घोट्याएवढं. पण वर ऊन तापलं की बर्फ वितळतो आणि दुपारी तोच ओढा चवताळतो. आम्हाला ते माहीत होतं, म्हणून दुपारच्या आत परतणार होतो. पलीकडे एका प्रायव्हेट शिपायाचा पाय मोडला आणि सगळं लांबलं.

ओढ्यावर दोर बांधला. जखमीला घेऊन आम्ही अलीकडे आलो. पलीकडचा दोर सांभाळायला डॅनियल मागे थांबला. शेवटचा माणूस अनुभवीच लागतो. पाण्याच्या आवाजात हाक पोचत नव्हती, म्हणून आम्ही रेडिओवर बोललो. मग तो पाण्यात उतरला. अर्ध्यावर आला आणि वरून धबधब्यातून बर्फाची लादी सुटली. आम्ही दोर ओढला तो हलकाच आला. डॅनियल दुसऱ्या दिवशी बराच खाली सापडला.

काकूंनी मला त्याबद्दल कधी विचारलं नव्हतं. यंदा बेसिंगस्टोकहून त्यांना भेटायला वेम्बलीला गेलो, तर चहा ओतताना म्हणाल्या, “संदीप, शेवटी काय बोलला रे तो?”

मी तोंड उघडलं तेवढ्यात म्हणाल्या, “इथे नको. तिथे ने आणि सांग.”

“काकू, चढण आहे. तुमचे गुडघे...”

“गुडघे माझे आहेत ना? तू तुझं बघ.”

तिथे चढताना खरं तर दम मलाच लागला. आर्मी सुटली आणि पोट सुटलं.

“आलं का रे?” काकू विचारायच्या.

“थोडंच राहिलं.”

“मेल्या, मघाशीपण हेच म्हणालास!”

धबधबा होता तसाच होता. राखाडी पाणी, हाडं गोठवणारा गारठा. लोक याचे फोटो काढायला येतात. मला त्या पाण्याचा राग येतो, अजूनही येतो.

काकू एका खडकावर टेकल्या. “आता सांग.”

“मी रेडिओवर म्हटलं, ‘सगळे अलीकडे. तू निघ. ओव्हर.’ तो म्हणाला, ‘येतो.’ एवढंच, काकू.”

काकूंनी पाण्याकडे बघतच विचारलं, “आणि तू?”

“मी म्हटलं, ‘ये.’”

त्यांनी माझा हात घट्ट धरला. “इकडे यायला निघाला तेव्हा दारात ‘येतो’ म्हणाला होता. पासओव्हरच्या सणाला थांब म्हटलं होतं, थांबला नाही, म्हणून मी रागावलेली. ‘ये’ म्हटलंच नाही रे. पाठ फिरवून भांडी घासत बसले.” मग डोळे पुसून म्हणाल्या, “तू म्हणालास ना? बरं केलंस बाळा. फार बरं केलंस.”

त्यांच्यात कबरीवर दगड ठेवतात. काकूंनी काठचा एक चपटा दगड उचलून खडकावर ठेवला. मग उभ्या राहिल्या आणि त्या आवाजातही ऐकू जावं म्हणून होता नव्हता तेवढा जोर लावून ओरडल्या, “ये रे, डॅनी! ये!”

मी सॅल्यूट करणार होतो. हात वर गेलाच नाही. ढसाढसा रडलो.